ब्रेट हार्टने दुप्पट पैसे का सोडले, आणि त्याच्या कागदात काय राहून गेलं

प्रश्न असा आहे की १९९६ मध्ये रेसलर ब्रेट हार्टकडे डब्ल्यूसीडब्ल्यू ह्या प्रतिस्पर्धी कंपनीची जवळपास दुप्पट पैशांची ऑफर होती तरी तो विन्स मॅकमॅहनकडेच (त्याची कंपनी म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई) राहिला, हा मूर्खपणा होता का, आणि आजच्या काळात ओकाडासारखा जपानी स्टार फ्री एजंट झाला, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा झाला, की एईडब्ल्यू (अमेरिकेतली दुसरी मोठी कंपनी) का डब्ल्यूडब्ल्यूई हे नेमकं काय बघून ठरवतो. मी वकील आहे, खेळाडू आणि कलाकारांची कॉन्ट्रॅक्टं वाचणं आणि त्यातल्या एकेका ओळीवर भांडणं हे माझं रोजचं काम, रेसलिंग शाळेत असल्यापासून बघतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

थेट सांगायचं तर मूर्खपणा अजिबात नव्हता. ब्रेटने दोन्ही कंपन्या बरोबर ओळखल्या होत्या, कच्चा राहिला तो कागद. लोक नेहमी आकडा किती होता तेवढंच विचारतात, पण स्टारच्या बाजूने बसलेल्या माणसाने आधी हे बघायचं असतं की हा आकडा उद्या कोण मोडू शकतो, कधी मोडू शकतो आणि मोडायला त्याला किती खर्च येईल.

प्रो रेसलिंगचा बाजार बाकी खेळांसारखा नाही हे आधी लक्षात घ्या. आयपीएलसारखा लिलाव नाही, सॅलरी कॅप म्हणजे पगाराची वरची मर्यादा नाही, खेळाडूंची युनियन नाही. रेसलर कागदावर कंपनीचा नोकरसुद्धा नसतो, इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर असतो, म्हणजे पीएफ-पेन्शनसारखं काही नाही आणि तरी दुसऱ्याकडे काम करायची मुभा पण नाही. अशा ठिकाणी माणसाची किंमत एकाच गोष्टीने ठरते, समोर दुसरा पैसेवाला गिऱ्हाईक उभा आहे की नाही. मार्च २००१ मध्ये विन्सने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि तिथपासून जानेवारी २०१९ ला एईडब्ल्यू जाहीर होईपर्यंत अमेरिकेत असा दुसरा गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने नव्हताच. टीएनए होती, पुण्यात बालेवाडीला येऊन 'रिंग का किंग' शूट करून २०१२ मध्ये कलर्सवर दाखवणारी तीच कंपनी, पण विन्सशी आकड्यात भिडावं एवढा पैसा त्यांच्याकडे कधी आला नाही. म्हणून त्या अठरा वर्षांत मोठ्या स्टारच्या कॉन्ट्रॅक्टवरून ओढाताण झाल्याच्या बातम्या फारशा आठवणार नाहीत.

१९९५-९६ ला मात्र तो गिऱ्हाईक होता आणि त्याचं नाव टेड टर्नर, डब्ल्यूसीडब्ल्यूचा मालक. ४ सप्टेंबर १९९५ ला त्याच्या कंपनीच्या नायट्रो ह्या टीव्ही शोचा पहिला एपिसोड मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामधून लाइव्ह झाला आणि त्यात लेक्स लूगर हा रेसलर चालत आला, जो आदल्याच दिवशी विन्सच्या शोमध्ये लढला होता. कारण काय तर त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि तो नुसत्या बोलीवर काम करत होता, विन्सच्या ऑफिसने कागद वेळेत केलाच नाही. मग डिसेंबरमध्ये मडुसा ह्या महिला रेसलरने विन्सच्या कंपनीचा विमेन्स टायटल बेल्ट नायट्रोवर आणून कचऱ्याच्या डब्यात टाकला (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). मे १९९६ ला विन्सकडचा स्कॉट हॉल आला, पाठोपाठ केव्हिन नॅश. ह्या दोघांना टर्नरने दिलं ते गॅरंटीड मनी, म्हणजे स्टेडियम भरो न भरो, ठरलेली रक्कम मिळणार. विन्सकडे तोपर्यंत पद्धत अशी की गॅरंटी नावापुरती आणि बाकी सगळं गेटवर, म्हणजे तिकीटविक्रीवर आणि मालकाच्या मर्जीवर. ज्याच्या घरी पोरंबाळं आहेत त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता ब्रेट. मार्च १९९६ च्या रेसलमेनियात, म्हणजे विन्सच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, शॉन मायकल्सबरोबर तासाभराच्यावर आयर्नमॅन मॅच लढून, बेल्ट त्याला देऊन (रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं) हा घरी कॅनडात कॅल्गरीला बसला होता आणि कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. एरिक बिशॉफ डब्ल्यूसीडब्ल्यूकडून आला, तीन वर्षं, वर्षाला जवळपास ३० लाख डॉलर, वर तारखा कमी. विन्सकडे एवढे पैसे नव्हतेच, म्हणून त्याने दुसरीच गोष्ट मांडली, वीस वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. त्या काळी छापून आलेले तपशील असे की पहिली तीन वर्षं रेसलर म्हणून वर्षाला १५ लाख, पुढची सात वर्षं ऑफिसात सिनियर माणूस म्हणून ५ लाख आणि शेवटची दहा वर्षं अडीच लाख, एकूण १ कोटी ५ लाख डॉलर. २१ ऑक्टोबर १९९६ ला ब्रेटने विन्सच्या रॉ ह्या टीव्ही शोवर येऊन जाहीर केलं की मी इथेच राहतोय.

माझ्या दृष्टीने सगळी गोम ह्या वीस वर्षांत आहे. एकूण बेरीज केली तर विन्सची ऑफर बिशॉफच्या ९० लाखांपेक्षा मोठी दिसते. पण ब्रेटने प्रत्यक्षात काय केलं बघा, शरीर धडधाकट असताना, बाजारात भाव सगळ्यात जास्त असताना त्याने पहिल्या तीन वर्षांत वर्षाला साधारण १५ लाख कमी घेतले आणि त्या बदल्यात पुढची सतरा वर्षं थोडं थोडं मिळत राहील हा शब्द घेतला. भिशीत सगळ्यांच्या आधी पैसे भरायचे आणि स्वतःचा नंबर मुद्दाम शेवटचा लावून घ्यायचा असा हा प्रकार. भिशी बुडली तर शेवटच्या नंबरवाला बुडतो. त्याने सुमारे ४५ लाख डॉलर विन्सला वापरायला दिले असंच म्हणायला पाहिजे, तेही काही तारण न घेता, आणि अशा कंपनीला जी तेव्हा एका कुटुंबाच्या मालकीची होती आणि दर सोमवारी टीव्ही रेटिंगमध्ये मार खात होती.

अशा व्यवहारात मी असतो तर काय मागितलं असतं? एक तर सहीच्या दिवशी रोख रक्कम, साइनिंग बोनस. दुसरं म्हणजे कंपनीने मुदतीआधी हात वर केले तर पुढच्या वर्षांतला ठरावीक हिस्सा लगेच देय होईल अशी अट. आणि हे मिळत नसेल तर मग वीस वर्षांच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही, तीन वर्षांचं बोलू आणि आकडा वाढवा. ब्रेटच्या कागदात नेमकी ही सोय नव्हती असं नंतर जे घडलं त्यावरून दिसतं, कारण वर्षभरात विन्सने कंपनीची आर्थिक अवस्था वाईट आहे, हे कॉन्ट्रॅक्ट मला झेपत नाही असं सांगितलं आणि डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोल म्हणून मोकळीक दिली. म्हणजे वर्षभर कमी पैशात काम झालं आणि सतरा वर्षांचं जे गाजर होतं त्यातलं काही हाती आलं नाही. तोंडाला पानं पुसली म्हणतात ती ही. कोर्टात जाता आलं असतं की, असं कोणी म्हणेल. जाता आलं असतं, पण जो मालक स्वतःच पैसे नाहीत म्हणतोय त्याच्यावर चार वर्षं केस चालवून वयाच्या चाळिशीत घरी बसायचं का टर्नरचा चेक घ्यायचा, कुठलाही शहाणा वकील चेक घ्या म्हणेल.

मग मी निर्णय बरोबर होता का म्हणतो? कारण ब्रेटची खरी भीती अशी होती की डब्ल्यूसीडब्ल्यूला आपल्यासारख्या रेसलरचं करायचं काय हेच कळणार नाही. आणि ते शब्दशः खरं ठरलं. राहिला म्हणून त्याला १९९७ मिळालं, मार्चमध्ये रेसलमेनिया १३ ला स्टीव्ह ऑस्टिनबरोबरची सबमिशन मॅच (समोरच्याला हार कबूल करायला लावायची), ज्यात एका मॅचमध्ये हिरोचा व्हिलन आणि व्हिलनचा हिरो झाला, जुलैत कॅल्गरीचा कॅनेडियन स्टॅम्पीड हा शो जिथे अख्खं गाव त्याच्या घराण्याच्या मागे उभं होतं. आज ब्रेट हार्टचं नाव निघालं की लोक ज्या मॅच सांगतात त्यातल्या कितीतरी ह्या एका वर्षातल्या आहेत. रेसलरची पुढची पंचवीस वर्षांची कमाई, ऑटोग्राफ, कन्व्हेन्शन, मर्चंडाइज, हे सगळं त्या कामावर चालतं. हे पैसे कॉन्ट्रॅक्टच्या आकड्यात दिसत नाहीत पण असतात.

मॉन्ट्रियलला ब्रेटला फसवून हरवलं त्याबद्दल थोडक्यात, कारण रेसलिंगवाल्यांना ते पाठ आहे. ब्रेटच्या कागदात एक चांगलं कलम होतं, शेवटच्या तीस दिवसांत त्याच्या कॅरेक्टरबाबत त्याला वाजवी क्रिएटिव्ह कंट्रोल, म्हणजे पडद्यावर आपलं काय होणार ह्यात त्याचा शब्द. त्याच्या जोरावर त्याने शॉनला कॅनडात बेल्ट द्यायला नकार दिला. ९ नोव्हेंबर १९९७, मोल्सन सेंटर, शॉनने शार्पशूटर हा पाय अडकवायचा डाव लावला आणि ब्रेटने हार मानलेली नसताना रेफरी अर्ल हेब्नरने घंटा वाजवायला लावली. विन्सच्या डोक्यात मडुसाचा तो कचऱ्याचा डबा होता, आपला मुख्य चॅम्पियन दुसऱ्या दिवशी नायट्रोवर बेल्ट घेऊन उभा राहिला तर काय ही भीती. ब्रेट तसं करणार नव्हता असं मला मनापासून वाटतं, चौदा वर्षं त्याने तिथे काढली होती. वकील म्हणून मी ह्यातून एवढंच घेतो की कलमात वाजवी असा शब्द घालून मोकळं व्हायचं नाही, वाजवी कोण ठरवणार, वाद झाला तर किती तासांत सुटणार आणि कलम मोडलं तर दंड किती हे तिथेच लिहायचं. दंड नसलेलं कलम रविवारी रात्री लाइव्ह पे-पर-व्ह्यूमध्ये (पैसे भरून टीव्हीवर बघायचा शो) काही कामाचं नसतं.

पुढे डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये वर्षाला सुमारे २५ लाखांवर गेला, म्हणजे १९९६ ला जे देऊ केलं होतं त्याहून कमीच. आणि तिथे त्याचं काय केलं? डिसेंबर १९९७ चं स्टारकेड, कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, त्यात मॉन्ट्रियलमुळे जगातला सगळ्यात चर्चेतला रेसलर हाताशी असताना त्याला रेफरी केलं. पहिला वर्ल्ड टायटल नोव्हेंबर १९९९ मध्ये, जाऊन दोन वर्षं होत आल्यावर. ह्याचं एक मोठं कारण लोक विसरतात, क्रिएटिव्ह कंट्रोल तिथला सगळ्यात मोठा स्टार हल्क होगनच्याही कॉन्ट्रॅक्टमध्ये होता. नव्या ठिकाणी जाताना स्वतःला काय मिळतंय ह्याच्याइतकंच आधीपासून बसलेल्यांना काय मिळालंय हे विचारायचं असतं. तुमच्या वरच्या माणसाला नाही म्हणायचा लेखी अधिकार असेल तर तुमचा आकडा कितीही असो, कार्डवरची, म्हणजे शोमधल्या मॅचच्या यादीतली, तुमची जागा तो ठरवणार.

डिसेंबर १९९९ मध्ये मॅचमध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्याला लागली, कन्कशन म्हणजे मेंदूला मार बसला, त्यातून करिअरच संपलं आणि ऑक्टोबर २००० मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूने त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं, कारण तो लढू शकत नव्हता. गरज सरो वैद्य मरो. म्हणून मी दुखापतीचं कलम सगळ्यात आधी वाचतो, पैशाच्या पानाच्याही आधी. जखमी असताना पूर्ण पैसे का अर्धे, किती महिने, आणि घरी बसलेला काळ कॉन्ट्रॅक्टला जोडला जातो का. हा जोडायचा प्रकार फार चिवट असतो, पाच वर्षांची मुदत संपली म्हणून तुम्ही बाहेर पडायला जाता आणि कंपनी म्हणते तुम्ही आठ महिने गुडघ्यावर होतात, ते अजून बाकी आहेत, आणि नेमका तेवढ्यात बाहेरचा गिऱ्हाईक थंड झालेला असतो.

अजून एक गोष्ट डब्ल्यूसीडब्ल्यूच्याच शेवटात दिसते आणि मला ती फार शिकवणारी वाटते. २००१ ला विन्सने कंपनी घेतली तेव्हा बऱ्याच साध्या रेसलर्सची कॉन्ट्रॅक्टं त्याच्याकडे आली किंवा संपली. पण गोल्डबर्ग, स्टिंग, नॅश, फ्लेअर अशा मोठ्या लोकांची कॉन्ट्रॅक्टं रेसलिंग कंपनीशी नव्हती, तिच्या वर बसलेल्या मालक कंपनीशी, टाइम वॉर्नरशी होती. त्यामुळे रेसलिंग कंपनी विकली गेली तरी ह्यांचे पैसे चालू, ते घरी बसून घेत होते. कागदावर समोरची पार्टी कोण आहे ही पहिल्या पानावरची एक ओळ असते, बहुतेक लोक ती वाचतच नाहीत.

आता ओकाडा. काझुचिका ओकाडा न्यू जपान ह्या जपानी रेसलिंग कंपनीचा मुख्य माणूस, जून २०१६ ते जून २०१८ सलग ७२० दिवस तिथला मुख्य, म्हणजे आयडब्ल्यूजीपी हेवीवेट चॅम्पियन. जानेवारी २०२४ मध्ये न्यू जपानने जाहीर केलं की महिनाअखेर त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय आणि तो जातोय. तिथे कॉन्ट्रॅक्टं जानेवारीअखेर संपायची पद्धत आहे, म्हणूनच २०१६ च्या जानेवारीत नाकामुरा आणि एजे स्टाइल्स पण असेच डब्ल्यूडब्ल्यूईकडे निघाले होते. ओकाडाने पळून गेल्यासारखं केलं नाही, मुदत संपल्यावरही फेब्रुवारीत थांबून ओसाकाला जुना प्रतिस्पर्धी तानाहाशीबरोबर मॅच दिली, सापोरोला निरोप घेतला आणि ६ मार्चला एईडब्ल्यूच्या डायनामाइट ह्या टीव्ही शोवर आला. कंपनीने रक्कम जाहीर केली नाही, बातम्यांमध्ये तीन वर्षांचे वर्षाला ४० लाख डॉलरच्या वर असं फिरत होतं.

पैसा मोठा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण ओकाडाच्या समोर दोन उदाहरणं होती असं मी धरतो. एक स्वतःचंच, २०१० च्या सुमारास तो शिकायला म्हणून टीएनएमध्ये गेला होता आणि तिथे त्याला ओकाटो नाव देऊन, डोळ्यांभोवती काळा मुखवटा लावून समोआ जो ह्या रेसलरचा साथीदार म्हणून मागे फिरवलं होतं. अमेरिकन कंपनीला आपण कोण हे कळलं नाही की काय होतं ते त्याने अंगावर घेतलेलं. दुसरं उदाहरण नाकामुराचं, डब्ल्यूडब्ल्यूईत २०१८ चा रॉयल रंबल जिंकला (तो जिंकणाऱ्याला रेसलमेनियात टायटल मॅच मिळते), रेसलमेनियात एजे स्टाइल्ससमोर उभा राहिला आणि हरला, आणि कंपनीचा मुख्य वर्ल्ड टायटल त्याला कधीच मिळाला नाही. नाकामुरा तिथे सुखात नाही असं मी म्हणत नाही, सर्फिंग करतो, कुटुंब अमेरिकेत आहे, तो त्याचा निर्णय. पण ओकाडाला ह्यापेक्षा वेगळं हवं असेल तर एईडब्ल्यूमध्ये ते कागदावर मागता येत होतं, कारण तिथला मालक टोनी खानला न्यू जपानबरोबर २०२१ पासून देवाणघेवाण चालू ठेवायची होती. म्हणजे जुनं घर बंद होत नव्हतं. ४ जानेवारी २०२६ ला टोकियो डोममध्ये तानाहाशीची निवृत्तीची मॅच झाली आणि समोर ओकाडा होता. डब्ल्यूडब्ल्यूईचं कॉन्ट्रॅक्ट असतं तर ही मॅच व्हायला विनवण्या कराव्या लागल्या असत्या, नाकामुरालासुद्धा २०२३ च्या नववर्षाला नोआ ह्या जपानी कंपनीत दिग्गज मुटाबरोबर लढायला सोडलं तेव्हा ती जगभर बातमी झाली, एवढं ते दुर्मिळ. दुसरीकडे काम करायची परवानगी हे एक कलम काही लोकांसाठी दहा लाख डॉलरचं असतं.

न्यू जपानचाच इंग्लिश रेसलर विल ऑस्प्रेचंही तसंच, नोव्हेंबर २०२३ मध्ये एईडब्ल्यूशी सही केली पण घर इंग्लंडमध्येच ठेवलं आणि कुटुंबासाठी तिथून ये-जा करायची मोकळीक त्याला हवी होती हे त्याने उघड सांगितलंय. वर्षाला किती तारखा, प्रवास कोणाच्या खर्चाने, राहायचं कुठे, हे सगळं पैशातच मोजायचं. ३० लाख घेऊन २०० दिवस बाहेर आणि २५ लाख घेऊन ७० दिवस बाहेर ह्यात मी डोळे झाकून दुसरं घ्या म्हणेन, मान आणि गुडघे किती वर्षं टिकतात त्यावर एकूण कमाई ठरते.

आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या बाजूचं पण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. प्रेक्षक तिथे कितीतरी पट जास्त, रॉ जानेवारी २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आहे आणि तो दहा वर्षांचा व्यवहार ५०० कोटी डॉलरच्या वरचा आहे, म्हणजे कंपनी बुडायची भीती नाही. कोडी ऱ्होड्सने स्वतः उभी करायला मदत केलेली एईडब्ल्यू फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडली आणि एप्रिल २०२४ ला फिलाडेल्फियात रोमन रेन्सला हरवून तो तिथला मुख्य चॅम्पियन झाला, त्याच्यासाठी तोच रस्ता बरोबर होता कारण त्याच्या रेसलर वडिलांना जे मिळालं नाही ते, म्हणजे तिथलं मुख्य टायटल, त्याला तिथेच मिळू शकत होतं. पण एक कलम मी कुठल्याही क्लायंटला तीनदा वाचायला लावेन. डब्ल्यूडब्ल्यूईच्या नेहमीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कंपनी नव्वद दिवसांची नोटीस देऊन तुम्हाला सोडू शकते, तुम्ही मात्र कंपनीला तशी सोडू शकत नाही. म्हणजे पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट तुमच्यासाठी पाच वर्षांचं आणि त्यांच्यासाठी नव्वद दिवसांचं. ब्रॉन स्ट्रोमन २०२० च्या रेसलमेनियात तिथला युनिव्हर्सल चॅम्पियन झाला आणि जून २०२१ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकलं. स्टार असाल तर हे कलम बदलून मागा, निदान पहिली दोन वर्षं नोटीस लागू नाही एवढं तरी, समोर दुसरी ऑफर असते तेव्हाच हे मिळतं, सही झाल्यावर कोणी देत नाही.

नावाचं पण बघा. रेझर रेमन आणि डीझल ही नावं विन्सची, म्हणून टर्नरकडे गेल्यावर ते स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश झाले, तरी विन्सने केस टाकली. डब्ल्यूडब्ल्यूईतला डीन अँब्रोज एप्रिल २०१९ अखेर मोकळा झाला आणि महिन्याभरात जॉन मॉक्सली म्हणून एईडब्ल्यूत उभा राहिला कारण ते नाव त्याचं जुनं, स्वतःचं होतं. ओकाडा खऱ्या नावानेच लढतो, त्याला हा त्रासच नाही.

शेवटचं आपल्याकडच्या मुलामुलींसाठी, कारण तालमीतून किंवा कबड्डीतून डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, जाणारे आता असतात आणि कधीतरी कोणीतरी त्यातून मोठं होईल. आपल्याकडे इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ चं कलम २७ आहे, कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर तुम्ही दुसरीकडे काम करायचं नाही ही अट आपली कोर्टं सहसा मानत नाहीत, आणि त्या भरवशावर बरेच जण बिनधास्त सही करतात. पण डब्ल्यूडब्ल्यूईच्या कागदाला कनेटिकटचा कायदा लागतो, कंपनी तिथे स्टॅमफर्डला आहे. कलम २७ तिथे तुमच्या मदतीला येणार नाही. तेव्हा माझ्यासारख्या इथल्या वकिलाकडून वाचून घ्या, हरकत नाही, पण सहीच्या आधी तिकडच्या वकिलाला दोन-तीन तासांची फी देऊन मुदत, नोटीस, दुखापत आणि नावाची मालकी एवढी चार कलमं दाखवाच, आणि कंपनी म्हणाली की उद्या संध्याकाळपर्यंत सही हवी तर लेखी मुदतवाढ मागा.